चोर सोडून गुलाबाला फाशी

अंतरपाट खाली येतो, अक्षता उडतात आणि नेमका त्याच क्षणी फोन म्हणतो, 'स्टोरेज फुल'. मुहूर्त साधण्यात फोनचा हात गुरुजीही धरू शकणार नाहीत. मग हाताला लागेल ते पुसायची घाई, आणि पहिला बळी जातो 'शुभ सकाळ'वाल्या गुलाबाचा.

मला त्या गुलाबाची कीव येते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो दाबून-चेपून येतो, म्हणून त्याचं वजन जेमतेम १५० केबी. फोर-केमधला व्हिडिओ मात्र मिनिटाला ३५० एमबीच्या आसपास खातो. म्हणजे आरतीचा एक मिनिटाचा व्हिडिओ, ज्यात निम्मा वेळ पुढच्या काकांचं टक्कल आहे, तो वाचवायचा तर दोन हजारांवर गुलाब खुडायचे! कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फोर-के काढून १०८० ठेवा. तेच काका साधारण तिसऱ्या हिश्श्यात मावतात आणि टक्कल तितकंच चमकतं.

गॅलरीतून एकेक फोटो निवडून पुसत बसणं हा तर निव्वळ रिकामा उद्योग. गॅलरी तारखेनं लावलेली असते, वजनानं नाही. पुसायला बसलेला माणूस पाच मिनिटांत जुन्या कोकण ट्रिपला पोहोचतो, 'आठवतंय का?' म्हणत तीन फोटो मावसभावाला पाठवतो. अँड्रॉइडवर पाठवलेल्या फोटोची एक प्रत व्हॉट्सअ‍ॅपच्या 'सेंट' फोल्डरात जाऊन बसते, गॅलरीत दिसतही नाही. साफसफाईची निव्वळ कमाई: तीन फोटो जास्त.

खरा रस्ता असा. व्हॉट्सअ‍ॅपची सेटिंग्ज, तिथं 'स्टोरेज अँड डेटा', त्यात 'मॅनेज स्टोरेज'. वर दोन ढीग दिसतील: एक वारंवार फॉरवर्ड झालेल्यांचा, दुसरा ५ एमबीहून जड फायलींचा. खाली सगळी चॅट्स वजनाच्या उतरत्या क्रमानं. नातेवाइकांवर संशय असतो, पण पहिला नंबर बहुधा सोसायटीच्या ग्रुपचा: स्कॅन केलेली इतिवृत्तं आणि पाण्याच्या टाकीचे, चारही बाजूंनी घेतलेले व्हिडिओ. जड ढिगापासून सुरुवात करा. पुसताना 'बाकीच्या प्रतीही पुसू का?' असं विचारलं तर बेलाशक हो म्हणा. लसणाच्या गुणांचा तोच व्हिडिओ चार ग्रुपांतून आलेला असतो.

एवढं करूनही जागा तेवढीच दिसली तर फोनला शिव्या देऊ नका. गॅलरीतून पुसलेलं आधी कचरापेटीत जातं आणि बहुतेक फोनांत तिथं ३० दिवस मुक्काम ठोकतं. ती पेटी वेगळी रिकामी करावी लागते.

गूगल फोटोजमध्ये मात्र हात आवरा. बॅकअप चालू असताना 'डिलीट' केलेला फोटो फोनमधूनही जातो आणि क्लाउडमधूनही. फक्त फोन हलका करायचा तर 'फ्री अप स्पेस' दाबायचं. बॅकअप झालेल्यांच्याच फोनमधल्या प्रती त्यानं जातात. क्लाउडही काही आजोळ नव्हे. १ जून २०२१ पासून तिथली हवी तेवढी फुकट पंगत उठली. जीमेल, ड्राइव्ह, फोटोज मिळून फुकट १५ जीबीच, आणि २०२४ पासून अँड्रॉइडच्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही त्याच पानात जेवतो. कॉम्प्युटरवर जीमेल उघडा, शोधपट्टीच्या उजव्या टोकाचं चिन्ह दाबा आणि आकार १० एमबीपेक्षा मोठा, असं शोधा. कधीकाळच्या नोकरीची प्रेझेंटेशनं अजून पगारावर असल्यासारखी बसलेली सापडतील.

अँड्रॉइडच्या सेटिंग्जमधला अ‍ॅपचा 'क्लिअर कॅश' निर्धोक, तो फक्त तात्पुरत्या फायली पुसतो. त्याच्या शेजारचा 'क्लिअर डेटा' नव्हे. बँकेच्या अ‍ॅपवर तो दाबलात तर ओटीपीपासून एमपिनपर्यंत सगळा संसार पुन्हा मांडायचा.

शेवटी व्हॉट्सअ‍ॅपचं ऑटो-डाउनलोड बंद करा, मोबाइल डेटा आणि वाय-फाय दोन्हींवर. मग प्रत्येक फोटो धूसर चौकोनात, बाण लावून निमूट पडून राहतो. उघडायची गरज बहुधा पडतच नाही. प्रतिसाद म्हणून जोडलेले हात पाठवा. सत्यनारायण असो की दशक्रिया विधी, दोन्हीकडे चालतात. अंगठा मात्र फोटो उघडल्याशिवाय दाखवू नका.