बूस्टर घेण्याआधी मल्टिमीटर हाती घ्या

जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये एक सल्ला सध्या हातोहात फिरतो आहे. नवा रेडिओ बसवल्यावर स्टेशनं नीट लागत नसतील तर म्हणे दोष जुन्या अँटेनाचा, कारण ती 'डिजिटल' रेडिओसाठी बनलेलीच नाही. बूस्टर (सिग्नल वाढवणारं यंत्र) लावा की काम झालं. मागे उरणारी खरखर जुन्या इंजिनाची, ती सोसायचीच. सल्ला ऐकायला सोपा आहे आणि जवळजवळ सगळा चुकीचा.

'जुनी अँटेना डिजिटल रेडिओला चालत नाही.' या रेडिओत डिजिटल असतं ते स्टेशन पकडण्याचं तंत्र. हवेतून येणाऱ्या एफएम-एएमच्या लहरी पूर्वीच्याच आहेत. 100 मेगाहर्ट्झच्या एफएम लहरीची लांबी 3 मीटर. तिचा चौथा हिस्सा 75 सेंटिमीटर, आणि मडगार्डवरची जुनी काडी बाहेर ओढली की साधारण तेवढी होते. ती काढून आखूड रबरी अँटेना लावणारे स्वतःच्या हातानं रिसेप्शन घालवतात. अपवाद डॅब रेडिओचा, ज्याचं प्रसारणच डिजिटल असतं: तो 174 ते 240 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो, त्याला वेगळी अँटेना हवीच.

एएमच्या बाबतीत मात्र जुन्या-नव्यात एक खरा फरक आहे, आणि तो या सल्ल्यात येतच नाही. 1000 किलोहर्ट्झची लहर 300 मीटर लांब. तिच्यापुढे काडी इतकी तोकडी की ती एखाद्या छोट्या कपॅसिटरसारखी वागते, आणि केबलची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) जास्त असेल तर सिग्नल वाटेतच खाल्ला जातो. म्हणून गाडीच्या अँटेनाची मूळ केबल मुद्दाम कमी कपॅसिटन्सची असते. शिवाय जुन्या रेडिओला ट्रिमरचा एक बारीक स्क्रू असे. क्षीण स्टेशन लावून तो फिरवला की मेळ बसायचा. आजच्या बहुतेक रेडिओंना तो नाही. अशात कुणी केबल वाढवायला मीटरमागे सुमारे 100 पिकोफॅरड कपॅसिटन्सची साधी को-अ‍ॅक्स केबल जोडली, तर एफएम ठणठणीत आणि एएम मेलेलं, असं दृश्य दिसतं. दोष त्या जोडाचा असतो, काडीचा नव्हे.

'बूस्टर लावा.' बूस्टर आलेल्या सिग्नलबरोबर आलेली खरखरही वाढवतो, आणि प्रक्षेपण केंद्राजवळ तर रेडिओची घुसमटच करतो. खरा दोष बहुतेकदा अँटेनाच्या बुडाशी सापडतो. गाडी नव्यानं रंगवलेली असते, वॉशरखाली रंगाचा जाड थर किंवा गंज असतो, आणि केबलच्या बाहेरच्या धातूच्या जाळीचा बॉडीशी संपर्क तुटलेला असतो. रेडिओला बॉडीशी जोडणारी काळी वायर ही उणीव भरून काढत नाही. अँटेनाचा प्लग रेडिओतून काढून मल्टिमीटरनं विजेचा रोध (ओहममध्ये) मोजा. मधल्या पिनपासून काडीपर्यंत जवळपास शून्य ओहम हवेत. पिन आणि बाहेरचं कडं यांच्यात काहीच जोड दिसता कामा नये. कडं आणि बॉडीचा उघडा पत्रा यांच्यात एका ओहमपेक्षा कमी. मोजताना केबल हलवत राहा. तुटकी तार तेव्हाच पकडली जाते. खात्री हवी असेल तर दुसरी चांगली अँटेना रेडिओला जोडून तिचं बूड उघड्या पत्र्यावर दाबून धरा. स्टेशनं लागली तर रेडिओ निर्दोष. फायबरग्लासच्या बॉडीत (1953 पासूनची कॉर्व्हेट घ्या) खाली पत्राच नसतो, तिथे काडीखाली धातूचा पत्रा देऊन तो अर्थ करावा (गाडीच्या धातूच्या सांगाड्याला तारेनं जोडावा) लागतो.

दोन फुकटच्या तपासण्या कुणीच करत नाही. अँटेनाचा जुना प्लग रेडिओच्या नव्या खोल सॉकेटमध्ये पूर्ण बसला आहे का? आणि रेडिओच्या सेटिंगमध्ये जगातला विभाग कोणता निवडला आहे? अमेरिकन सेटिंगवर एएम 10 किलोहर्ट्झच्या टप्प्यांनी सरकतं, आशिया-युरोपात स्टेशनं 9 च्या टप्प्यांवर असतात. 558 वरचं स्टेशन अशा रेडिओला नेमकं सापडणार कसं?

'खरखर इंजिनाचीच.' आधी इंजिन बंद ठेवून फक्त किल्ली फिरवा. खरखर तेव्हाही असेल तर एलईडी दिवे आणि यूएसबी चार्जर एकेक करून काढा. अनेकदा गुन्हेगार हेच नवे पाहुणे निघतात. इंजिन चालू केल्यावरच येत असेल तर अँटेनाचा प्लग उपसा. आवाज तरीही राहिला तर तो बहुधा वीजपुरवठ्याच्या तारांतून येतो. थांबला तर अँटेनाच्या वाटेनं. रेझिस्टर असलेले स्पार्क प्लग किंवा तशा प्लग-वायर, बोनेटला बॉडीशी जोडणारी अर्थपट्टी आणि इग्निशन कॉइलच्या पुरवठ्याकडच्या टोकाला खरखर दाबणारा सप्रेसर कंडेन्सर, हे उपाय जुनेच आहेत. कंडेन्सर चुकून पॉइंटच्या (कॉइलची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांच्या) बाजूला लावलात तर ठिणगीच मंदावेल.

अर्थिंग सुधारायच्या उत्साहात एक गोष्ट मात्र आधी पाहा. कित्येक जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला असतं. नव्या रेडिओची पेटी आणि अँटेनाची जाळी निगेटिव्ह. अशा गाडीत रेडिओ थेट जोडला तर पेटी पत्र्याला लागताच शॉर्ट होतो.