सोलापूरचं निवांतपूर होऊ नये म्हणून

निवांतपूर नकाशात शोधू नका. हल्ली रात्री डोळा लागत नाही, त्या वेळात मी ते रचलंय. गावाच्या मधोमध अफाट दफनभूमी, गावापेक्षा मोठी, आणि अख्ख्या गावाचा उद्योग एकच, तिची निगा राखणं. तिथला पाथरवट नवी नावं कोरतो आणि पुसट झालेली परत उकरतो. शाळेतल्या पोरांना पाढ्यांच्या आधी कोण कुठल्या रांगेत आहे ते पाठ. पहिले दोन पाऊस पडून गेले की सगळं गाव पाट्या-फावडी घेऊन निघतं, कारण ताजी माती पावसानं खाली बसते आणि तिच्यावर भर टाकावी लागते. ज्यांच्या मागं कुणी उरलं नाही त्यांच्या समाध्या घरटी वाटून घेतल्यात. सरपंचकीची निवडणूक गाजरगवतावर लढवली जाते आणि निवडून आलेल्याच्या गळ्यात हार पडायच्या आधी हातात खुरपं पडतं.

ऐकायला गोड वाटतं, पण धोका ओळखा. असल्या गावात काम करावं लागतं.

आणि हे अगदीच स्वप्नातलं आहे असंही समजू नका. अमेरिकेत कोलमा म्हणून एक गाव आहे. सॅन फ्रान्सिस्को शहरानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरात पुरायला बंदी घातली, मग जुन्या कबरीही हलवल्या, आणि ही सगळी मंडळी शेजारच्या कोलमात आली. 1924 मध्ये कोलमाची रीतसर नगरपालिका झाली, ती मुख्यतः स्मशानांसाठीच. जिवंत माणसं दोन हजारांच्या आत, मयत पंधरा लाखांच्या घरात. तरी मत टाकायला फक्त जिवंतच जातात म्हणे. किती मागास लोक बघा.

तर आपल्या सोलापूरवर ही पाळी येऊ नये म्हणून काही सूचना देतोय. बरेच जण त्या आधीपासूनच पाळताय, त्यांचं अभिनंदन.

माणूस गेला की पहिलं काम फ्लेक्सचं. डॉक्टरचा दाखला नंतर, आधी डिझायनरला फोन. वर नेत्यांची रांग हवी, ज्यांनी गेलेल्याला जन्मात पाहिलेलं नाही. मधे गेलेला, त्याचा फोटो आधार कार्डावरचा, कारण दुसरा कुणाकडेच नाही. आणि खाली शोकाकुल. शोकाकुलांचे फोटो मात्र खास काढलेले असावेत, गॉगल असेल तर उत्तम, एखादा फोनवर बोलत असलेला असेल तर फारच उत्तम. फ्लेक्स चौकात असा लावायचा की सिग्नलचा लाल दिवा झाकला जाईल, म्हणजे पुढच्या फ्लेक्सची सोय तिथंच होते. तेवढ्या पैशात समाधीच्या ओट्याला शहाबादी फरशी बसली असती, असला हिशोब मनात आणू नका. फरशीवर शोकाकुल मावत नाहीत.

माती द्यायला गेलात की गाडी समाध्यांच्या मधून थेट खड्ड्यापर्यंत घाला, चालत जायला आपण काय मेलोय?

पाण्याच्या रिकाम्या बाटल्या तिथंच ठेवा. पुढच्या मयतीला आलेल्यांना तेवढीच खूण.

झाड लावू म्हणणारा भेटलाच, तर त्याला विचारा की बाबा, तुझ्या नळाला पाणी कितव्या दिवशी येतंय? तो गप बसतो.

आता मुख्य सूचना. घराचं काम काढलंय, बाथरूम फोडलंय, अंगणात राडारोड्याचा ढीग पडलाय, तो टाकायचा कुठं? टेम्पोवाला विचारतो, "लांब टाकू का जवळ?" लांबचे पैसे जास्त. तर जवळच सांगा. जवळ म्हणजे कुठं, हे त्याला नेमकं माहीत असतं. भिंत पडलेली हवी, दिवा नको, राखणदार नको, आणि तक्रार करायला कुणी उठून येणार नाही अशी वस्ती हवी. या सगळ्या अटी एकाच ठिकाणी पूर्ण होतात. रात्री अकरानंतर पाठवा. काम एकदम चोख.

किती चोख, ते मी स्वतः पाहून आलोय. आमच्या आजीला आम्ही अव्वा म्हणायचो. तिच्या पुण्यतिथीला बेल, विभूती आणि फुलांची पिशवी घेऊन गेलो. वेडी बाभूळ माजली होती, ती दरवर्षीच असते, तिच्यातून कोयत्यानं वाट काढायची आता सवय झालीय. पण ओट्याच्या जागी ढीग. निळ्या फरशीचे तुकडे, सिमेंटच्या फाटक्या गोण्या, पीव्हीसीचे पाईप, आणि सगळ्यात वर एक गुलाबी वॉश बेसिन. अखंड. कडेला टवका नाही. तोटीच्या भोकातून गवताची एक काडी वर आलेली, आणि आत कुणाचा तरी जुना टूथब्रश, तसाच.

आमच्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत हे तुम्हाला माहीत असेल. मांडी घालून बसवतात, गळ्यातलं इष्टलिंग हातात देतात, भोवती विभूती, बेलपत्री, मीठ, मग माती. म्हणजे त्या ढिगाखाली सगळ्यात जवळ काय आहे, तर अव्वाचं डोकं. जिनं उभ्या जन्मात दुसऱ्याच्या उंबऱ्यावर पाय दिला नाही, जी रात्री दिवेलागणीनंतर केर बाहेर टाकू द्यायची नाही, तिच्या डोक्यावर तुमचं बेसिन. नवीन बसवलेलं छान असेल ना? पांढरं घेतलंत का?

तिथं खड्डे काढणारे मामा होते. उन्हाळ्यात काळी माती फरशीगत होते, वरचा थर फोडेपर्यंत पहारीच्या टोकाची वाट लागते, खाली मुरूम लागला की मगच काम सरकतं. त्यांना विचारलं, "मामा, हे कुणी टाकलं ओ?" म्हणाले, "रात्री येतंय टेम्पो. मी काय राखण करूलालोय काय? मला खड्ड्याचे पैसे मिळतेत, राखणीचे न्हाई." एकदम रास्त उत्तर. त्या दिवशी मला मिळालेलं एवढं एकच.

बाकीची उत्तरं फोनवर मिळाली. जिथं करायचा तिथं फोन केला. जागा समाजाची का सरकारी, असं विचारलं. सांगितलं. मग उतारा आहे का म्हणाले. अहो, मी आजीला भेटायला गेलो होतो, प्लॉट घ्यायला नव्हे. मग हद्द आमची नाही म्हणाले. ज्यांची म्हणाले त्यांनी ज्यांची नाही म्हणाले होते त्यांचाच नंबर दिला. मग ॲपवर तक्रार टाका. टाकली, फोटोसकट. संध्याकाळी मेसेज आला, आपल्या तक्रारीचं निराकरण झालं आहे, कृपया अभिप्राय द्या, पाच तारे. फोटोत बेसिन दिसत होतं, मेसेजमध्ये नव्हतं, म्हणजे एका अर्थी निराकरण झालंच.

कायदा काय म्हणतो? भरपूर म्हणतो. प्रेतांची विल्हेवाट लावायच्या जागा राखणं आणि नव्या देणं हे 1949 च्या महानगरपालिका अधिनियमात बंधनकारक कर्तव्यांत लिहिलंय, कारंज्यांच्या आणि स्वागत कमानींच्या कितीतरी आधी त्याचा नंबर लागतो. बांधकामाच्या कचऱ्याचे वेगळे नियम आहेत, त्यात ज्याचा राडारोडा त्याची जबाबदारी असं स्वच्छ म्हटलंय. आणि भारतीय न्याय संहितेचं कलम 301 दफनभूमीतल्या अतिक्रमणाबद्दल आहे, एक वर्षापर्यंत कैद. पण घाबरू नका. त्यात भावना दुखावण्याचा हेतू किंवा त्या दुखावतील याची जाणीव असावी लागते. तुमचा कसला हेतू? तुमचा हेतू फक्त टेम्पोचे चारपाचशे वाचवायचा होता. आणि जाणीव म्हणाल, तर ती तुम्हाला आहे असा आरोप तुमच्यावर कोण करेल?

असो. जरा पुढच्या सूचनेकडे वळू, माझा रक्तदाब वाढतोय.

निगा हवीच असेल तर परदेशात मरा. द्वारकानाथ कोटणीस आपल्याच गावचे, 1910 चा जन्म. चीनमध्ये जखमींवर उपचार करता करता 1942 मध्ये तिथंच गेले. त्यांची समाधी शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मारकात आहे, पुतळा आहे, पितरांच्या सणाला चिनी माणसं फुलं घेऊन येतात. ती त्यांची कुणी लागत नाहीत. एवढं लांब झेपत नसेल तर पुण्याला खडकीचं युद्ध स्मशान बघून या. हिरवळ कापलेली, दगड एका ओळीत, नाव वाचता येतं. त्यासाठी फक्त एक महायुद्ध लागतं.

"ती आमची नाही, त्यांची आहे" हे वाक्य तोंडपाठ करा. सोलापुरात ते फार उपयोगी. लिंगायतांची दफनभूमी वेगळी, मुसलमानांचं कब्रस्तान वेगळं, ख्रिस्ती लोकांचं वेगळं, आणि प्रत्येकाच्या भिंतीपलीकडे 'त्यांची' सुरू होते. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा ही आपल्या चार हुतात्म्यांची नावं आपण एका दमात घेतो, 12 जानेवारी 1931 ला इंग्रजांनी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना एकाच दिवशी फाशी दिलं म्हणून. दरवर्षी चारही पुतळ्यांना हार घालतो, भाषणात ऊर भरून येतो. आणि त्याच रात्री टेम्पो कुणाच्या कब्रस्तानात रिकामा करायचा हे ठरवताना मात्र आडनाव बघतो.

मला सगळ्यात नवल याचं वाटतं की हे गाव मुळात समाधीभोवतीच वाढलंय. आपलं ग्रामदैवत कोण? सिद्धरामेश्वर, बाराव्या शतकातला, तळ्याच्या मधोमध समाधीत बसलेला. संक्रांतीला त्याच्या यात्रेत आपण पांढऱ्या बाराबंद्या घालून सात नंदीध्वजांच्या उंच काठ्या मिरवतो, काठी डोलली की पोटात कालवतं, यात्रेतल्या लग्नाच्या अक्षतांना लाखभर माणूस उभं असतं, म्हातारी माणसं अडुसष्ट लिंगांच्या वाटेवर डोकं टेकवत जातात. त्या दिवसांत आपल्याला सगळं येतं. वाट झाडता येते, पाणी मारता येतं, रांगोळ्या काढता येतात, लांबून आलेल्या माणसाला बसायला सतरंजी आणि प्यायला पाणी देता येतं. म्हणजे निवांतपूर रचायला माझ्या झोपेची गरजच नव्हती. दरवर्षी जानेवारीत ते चार दिवस इथंच उभं राहतं. पाचव्या दिवशी आपण मोडून ठेवतो.

बरं झालं, अजून दोनतीन सूचना होत्या, त्या राहू दे. मला आता उपरोध जमेनासा झालाय.

सरळच बोलतो. लाज वाटायला पाहिजे. फ्लेक्सला पंधराशे निघतात आणि फावड्याच्या दोन तासाला माणूस निघत नाही. 'भावपूर्ण' लिहिता आणि वर्षात एकदा पाऊल टाकत नाही, टाकलंच तर चप्पल घालून दुसऱ्याच्या ओट्यावर उभं राहून सेल्फी काढता. "व्यवस्थाच वाईट आहे ओ" म्हणता. व्यवस्था वाईट आहेच, निराकरण झालं म्हणून खोटे मेसेज पाठवणाऱ्यांना मी माफ केलेलं नाही, त्यांच्याकडे लेखी अर्ज दिलाय आणि पोच घेतलीय, पुढचा आठवडाही त्यातच जाणार. पण व्यवस्थेच्या घरचं बाथरूम फुटलं नव्हतं. ते तुमचं होतं. टूथब्रशसुद्धा तुमचाच होता. भिंत पडली तेव्हा शॉर्टकट मिळाला म्हणून खूश झालात तुम्हीच, आणि ती कुणी बांधायला काढली तर "आमची वाट बंद केली" म्हणून ओरडत येणारेही तुम्हीच.

आणि हे कुठल्या एका समाजाला बोलत नाहीये. ज्यानं त्यानं आपल्या भिंतीच्या आत काय पडलंय ते रविवारी सकाळी जाऊन बघावं. जाताना विळा न्या. पावसाळ्यानंतर माती किती खाली बसलीय ते बघा, काळ्या मातीत ओटे तडकतात, तडा गेला असेल तर मूठभर सिमेंटमध्ये भागतं. शेजारच्या समाधीचं कुणी येत नसेल तर तिचंही गवत काढा, हात झडत नाही. मामांना खड्ड्याचे पैसे देताना राखणीचेही काही द्या, सगळ्यांनी मिळून महिन्याचं ठरवलं तर माणशी चहाचेसुद्धा होत नाहीत.

आणि टेम्पोवाल्यानं लांब का जवळ असं विचारलं तर त्याला लांबचे पैसे द्या. जिवावर येत असतील तर बाथरूम फोडू नका. जुन्याच बेसिनमध्ये तोंड धुवा.