समुद्राला मिळालेलं पाणी वाया जात नाही

‘कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि सगळं पाणी समुद्रात वाया जातं. नदीनदीवर मोठी धरणं बांधा, टँकर बंद होतील, पूरही थांबतील.’ हा मजकूर उन्हाळा आला की गावोगावच्या ग्रुपवर फिरतो. तहान खरी आहे, म्हणूनच उत्तर द्यायला हवं.

आधी टँकरचं बघू. चिपळूणला कोयनेचं अवजल, म्हणजे वीज तयार करून झाल्यावर सोडलेलं पाणी, येतं. कृष्णा खोऱ्यातलं पाणी बोगद्यांतून सह्याद्री उतरतं, वीज तयार करतं आणि वाशिष्ठीत सोडलं जातं. वर्षाला सुमारे ६७ टीएमसी (अब्ज घनफूट). राज्याला १,९६० मेगावॅटचा प्रकल्प मिळाला, चिपळूण शहराला आणि लोट्याच्या कारखान्यांना पाणी मिळालं. हा लाभ मोठा आहे आणि तो मान्य करायलाच हवा. तरीही याच तालुक्यात एप्रिल-मेमध्ये डोंगरातल्या वाड्यांवर टँकर चढतो. नदी खाली, वाडी वर! पाणी वर न्यायला पंप हवा, पाइप हवा आणि त्याचं वीजबिल दर महिन्याला कुणीतरी भरायला हवं. जांभ्या खडकात मुरलेलं पाणी पाऊस सरला की भराभर पाझरून जातं, म्हणून तिथला झरा आटतो. वाडीला हवी झऱ्याची डागडुजी, वरचं रान राखणं, पऱ्ह्यावर, म्हणजे ओढ्यावर, वेळेत घातलेला वनराई बंधारा (मातीच्या पोत्यांचा तात्पुरता बांध).

पुराचं म्हणाल तर, पूर अडवायला धरण रिकामं ठेवावं लागतं आणि उन्हाळ्यासाठी भरून. शिवाय धरणाच्या खाली पडणारा पाऊस धरण अडवत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा वर कोळकेवाडी धरण होतंच.

‘वाया’ हा शब्द तर खाडीकाठच्या माणसासमोर उच्चारूच नये. नदीचं गोडं पाणी आणि गाळ यांवरच तिवरं, तिसऱ्या, कालवं आणि खाडीतली मासळी जगते. प्रवाह आटला की खारं पाणी आत सरकतं, काठच्या विहिरी आणि शेतं बिघडतात. सपाट जमीन कोकणात मुळात थोडी, तीही बहुतेक नदीकाठी. धरणात पहिली बुडतात ती हीच भातखाचरं आणि पोफळीच्या बागा.

आणि बांधलेलं सांभाळतं कोण? २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. भेंदवाडी वाहून गेली, किमान १९ माणसं गेली. ते धरण तर लहानच होतं, आणि गळतीची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केली होती.

शहराची तहान दुसऱ्या कशानं भागत नसेल तर धरण जरूर बांधा. पण निविदा निघण्याआधी तीन गोष्टी लेखी द्या: पाणी कोणत्या वाडीपर्यंत पोचणार, बुडणाऱ्यांना जमीन कुठे मिळणार आणि उन्हाळ्यात खाडीसाठी किती पाणी सोडणार.