वारली चित्र भिंतीवर हवं, तर वारल्याची जमीनही त्याच्या नावावर हवी

वारली चित्र आता कुठे नाही? लग्नपत्रिकेवर आहे, कुर्त्यावर आहे, शाळेच्या कंपाउंडवर आहे, सरकारी विश्रामगृहाच्या भिंतीवर आहे. २०११ मध्ये जिव्या सोमा म्हशे यांना पद्मश्री मिळाली, चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि हा महाराष्ट्राचा ठेवा आहे असं आपण सगळे अभिमानाने सांगू लागलो. मलाही तो अभिमान आहे. पण ज्या समाजाने हा ठेवा जपला, त्यातल्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीचा कागद मिळवताना म्हातारपण येतं, आणि त्यावर आपल्यापैकी फारसं कुणी बोलत नाही. मी पालघर जिल्ह्यात वनहक्काच्या दाव्यांची कागदपत्रं लावायला मदत करतो, म्हणून हे लिहायलाच हवं असं वाटलं. पोस्ट लांब आहे. वेळ काढून वाचा.

आधी चित्राबद्दल. आपण जे विकत घेतो ते मुळात लग्नाच्या चौकातून आलंय. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी चौक लिहितात, मधोमध पालघट देवी बसते, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते आणि त्याशिवाय लग्न लागत नाही. त्या पिठाचा तांदूळ स्वतःच्या खाचरातला. तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजतं ते भात घरात आल्यावर, आणि तारप्याचा भोपळा, बांबू, मेण सगळं आजूबाजूच्या रानातलं. नवं भात देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायचं नाही. वाघबारशीला गुराखी वाघदेवाला जातात, तो वाघदेव गावाच्या शिवेवर उभा असतो, लाकडावर कोरलेला, वर सूर्य-चंद्र. ही सगळी संस्कृती जमिनीला धरून आहे. खाचर गेलं, रान बंद झालं, की घरातली धडधाकट माणसं दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. मग तारपा धरायला पाड्यात उरतं कोण?

आता कागदाबद्दल. २००६ साली संसदेने वनहक्क कायदा केला. त्याच्या प्रस्तावनेतच म्हटलंय की वनात राहणाऱ्या आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला. इंग्रजांनी १८७८ आणि १९२७ च्या कायद्यांनी जंगल सरकारजमा केलं, आणि स्वातंत्र्यानंतरही कसणारा माणूस ‘अतिक्रमणदार’च राहिला. हा कायदा जमीन वाटत नाही. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जी कसली जात होती, तीच नावावर करून देतो, तीही जास्तीत जास्त चार हेक्टर. पट्ट्यावर, म्हणजे या हक्काच्या कागदावर, नवरा-बायको दोघांची नावं लागतात. तो वारसाला जातो, पण विकता येत नाही, कुणाला देताही येत नाही. ‘फुकटच्या जमिनी घेऊन विकून खातील’ असं म्हणणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

या कायद्याच्या नियमांमधला १३ वा नियम मला सगळ्यात आवडतो. पुरावा म्हणून काय चालेल याची यादी त्यात आहे. सरकारी कागद आहेतच, पण बांध चालतो, सपाट केलेली जमीन चालते, जुनी विहीर चालते, दफनभूमी चालते, देवाची जागा चालते. गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा जबाब लिहून घेतला तर तोही चालतो. म्हणजे शिवेवरचा वाघदेव हा कायद्याने पुरावा आहे! ज्यांच्याकडे कागद कधीच नव्हते, त्यांची आठवण आणि त्यांची दैवतं ग्राह्य धरणारा असा दुसरा कायदा मी पाहिलेला नाही. २०१२ च्या दुरुस्तीने तर स्पष्टच केलं की विशिष्ट कागदाचाच हट्ट दावे तपासणाऱ्या समित्यांनी धरायचा नाही.

आणि तरी हट्ट धरला जातो. एका आजींची फाइल माझ्या हातात आली होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी पडून पिवळ्या झालेल्या दंडाच्या पावत्या, त्यांच्या सासऱ्यांच्या नावच्या. वनखात्याने ‘बेकायदा नांगरणी’ म्हणून दंड केला होता आणि घरच्यांनी त्या पावत्या जिवापाड जपल्या होत्या. कारण सरकारनेच लिहून दिलं होतं की हा माणूस इथे शेती करतो. आजींनी बांधावरचा मोह दाखवला, म्हणाल्या, “सासऱ्यांनी राखला हा. नागली लावायचो तेव्हा पोरं याच्याच सावलीत निजवायचो.” पावत्या होत्या, मोह होता, शेजारच्या पाड्यातल्या दोन म्हाताऱ्यांचे जबाब होते. दावा नामंजूर झाला. कारण एका ओळीचं: पुरावा अपुरा. ते पत्रही वेळेत हातात पडलं नाही, आणि अपिलाला मुदत असते ६० दिवसांची.

ज्यांचे दावे मंजूर होतात त्यांचंही सगळं सुरळीत होतं असं नाही. कसतात एकरात आणि पट्टा येतो गुंठ्यांत, ही तक्रार पाड्यापाड्यात ऐकू येते. नाव सातबाऱ्यावर चढतं ते ‘इतर अधिकार’ या रकान्यात, मग पीककर्जासाठी बँकेत गेलं की पुन्हा समजावत बसा.

मार्च २०१८ आठवतो? नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत आलेले शेतकरी, फुटलेल्या टाचा, लाल टोप्या. बातम्यांनी त्यांना ‘शेतकरी’ म्हटलं आणि ते होतेच, पण त्यात मोठ्या संख्येने आदिवासी होते आणि वनजमिनीचे दावे ही त्यांची मुख्य मागणी होती. दहावीच्या मुलांना परीक्षेला जायला अडचण नको म्हणून सायनहून आझाद मैदानापर्यंत ते रात्रीतून चालले. मुंबईकरांनी पाणी दिलं, चपला दिल्या. सरकारने सहा महिन्यांत दावे निकाली काढण्याचं आश्वासन दिलं. २०२३ मध्ये त्यांना पुन्हा दिंडोरीहून निघावं लागलं. मधल्या काळात, १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला होता. त्याच महिन्याच्या २८ तारखेला स्थगिती आली म्हणून निभावलं. आजींसारख्यांचा दावा कसा फेटाळला जातो हे पाहिल्यावर त्या पंधरा दिवसांत या भागात काय वातावरण असेल याचा अंदाज करा.

‘हक्क दिले तर जंगल संपेल’ हा आक्षेप मी नेहमी ऐकतो, चांगल्या, निसर्गावर प्रेम करणाऱ्या लोकांकडून ऐकतो. त्यांना मी गडचिरोलीतलं मेंढा-लेखा पाहायला सांगतो. २००९ मध्ये या गोंड गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू विकण्याचा वाहतूक परवाना वनखात्याने द्यायचा की ग्रामसभेने, यावर गाव अडून राहिलं, आणि एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी गावात येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेकडे दिलं. बांबू कधी तोडायचा, किती तोडायचा हे तिथली ग्रामसभा बसून ठरवते, आणि निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतो. ओडिशातल्या नियमगिरीचंही तसंच. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डोंगरिया कोंध आदिवासींचा देव असलेल्या त्या डोंगराबाबत ग्रामसभांचं म्हणणं घ्या. बारा ग्रामसभा भरल्या आणि बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. डोंगर कुणामुळे वाचला?

उलट २०२२ च्या वन संवर्धन नियमांनी वनहक्कांची पूर्तता पाहण्याचं काम राज्याकडे सरकवलं. म्हणजे प्रकल्पाला केंद्राची मंजुरी आधी आणि गावाचं म्हणणं नंतर. हे मला अत्यंत चुकीचं वाटतं. कायद्याच्या पाचव्या कलमाने ग्रामसभेला आपला सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारसा राखायचा अधिकार दिलाय. आधीच ठरलेल्या गोष्टीवर तिचं मत विचारायचं असेल तर तो अधिकार वापरायचा कसा?

वारली चित्र घेऊच नका असं मी म्हणणार नाही. घ्या, आणि चित्र काढणाऱ्याकडूनच घ्या. त्याबरोबर त्याच्या गावचे दावे कुठे अडकलेत तेही विचारा. पत्रकार असाल तर नामंजुरीच्या पत्रांवर कारणं काय लिहिली जातात ते मागवून छापा. वकील असाल तर अपिलं लिहून द्या, एका अपिलाला एक संध्याकाळ पुरते. निवृत्त तलाठी, सर्व्हेअर, जीपीएसवर मोजणी करता येणारी मुलं, सगळ्यांची गरज आहे. पाऊस सुरू झाला की सगळे लावणीला जुंपतात, म्हणून हे काम त्याआधी उरकायला हवं. ज्यांना यायचंय त्यांनी मला मेसेज करा, कुठल्या पाड्यात कधी बसायचं ते कळवतो.