‘अहं ब्रह्मास्मि’ 108 वेळा : एक खुलासा

‘अहं ब्रह्मास्मि’ (मी ब्रह्म आहे) रोज 108 वेळा म्हणा, 21 दिवसांत अद्वैताचा, म्हणजे आत्मा आणि ब्रह्म एकच असल्याचा, अनुभव येतो, असा संदेश सध्या फिरतो आहे. बृहदारण्यक उपनिषदात (1.4.10) हे वाक्य आहे, पण तिथे ना संख्या, ना मुदत. वेदान्तात ते जपासाठी नाही, समजून घेण्यासाठी आहे. अर्थ न कळता घोकलं की लक्ष मण्यांवर राहतं. शिवाय ‘अहं’ म्हणजे आपलं नाव-शरीर असं धरलं तर उलट अहंकारच फुगतो.

छांदोग्य उपनिषदाचा सहावा अध्याय पाहा. उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, ‘तत्त्वमसि’ (ते तूच आहेस) 9 वेळा सांगतो, पण जवळपास दर वेळी नवा दाखला देऊन, कारण मुलगा ‘पुन्हा समजावा’ म्हणतो. तेराव्या खंडात तो मीठ पाण्यात टाकायला लावतो. सकाळी मीठ दिसत नाही. वरून, मधून, तळातून चाखलं तरी पाणी खारटच. तसंच ब्रह्म दिसत नाही, पण सगळीकडे आहे.

अभ्यास करायचा तर हा एकच खंड घ्या. आधी जाणत्याकडून किंवा भाष्यासह अर्थ लावा, हे श्रवण. मग शंका लिहून एकेक सोडवा, हे मनन. ही पायरी गाळणारेच बहुधा अडकतात. शंका फिटल्यावर त्याच अर्थावर मन टिकवणं, हे निदिध्यासन. त्याला दिवसांची मुदत नाही.