डोसिंग पंपाला ‘हात लावू नका’ म्हणे!

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या मेंटेनन्सवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. डायफ्राम डोसिंग पंपाला (लवचिक पडदा, म्हणजे डायफ्राम, मागेपुढे हलवून केमिकल मोजून सोडणारा पंप) ग्लँड (हलत्या दांड्याभोवतीचं गळती रोखणारं पॅकिंग) नाही, म्हणून मेंटेनन्स नाही. डायफ्राम फाटेपर्यंत हात लावू नका, डोस कमी पडला तर स्ट्रोक (पडदा एका फेऱ्यात किती हलतो ते) वाढवा, तेल कमी दिसलं तर वरून ओता, रिलीफ व्हॉल्व्ह (दाब जास्त झाला की उघडणारा) पंपातच असतो.

ग्लँड नाही हे खरं, आणि म्हणूनच अ‍ॅसिड-हायपोला (सोडियम हायपोक्लोराइट, पाण्यात क्लोरीनसाठी घालतात ते) हा पंप लावतात. पण झीज चुकलेली नाही. मिनिटाला १०० स्ट्रोक धरले तर दिवसाला १ लाख ४४ हजार वेळा तो टेफ्लॉनचा पडदा वाकतो.

फाटेपर्यंत थांबलं तर काय होतं? साध्या मेकॅनिकल पंपात (पडद्याला दांडा थेट ढकलतो) हेडच्या, म्हणजे केमिकलच्या बाजूच्या भागाच्या, मागे खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. डायफ्राम गेला की केमिकल तिथून टपकतं, तोच इशारा. आपल्याकडे मात्र ‘ठिबकतंय’ म्हणून ते भोक एम-सीलने बुजवलेलं सापडतं! मग केमिकल जाणार कुठे? सरळ गिअरबॉक्सकडे. कंपनीने मॅन्युअलमध्ये दिलेल्या तासांनी डायफ्राम बदला. केमिकल जहाल असेल तर आधीच.

स्ट्रोक वाढवण्याचा सल्ला सगळ्यात घातक. १० लिटर प्रतितासाचा पंप ६० टक्के स्ट्रोकवर मिनिटाला १०० मिली ओढायला हवा. कॅलिब्रेशन पॉट (ओढीच्या बाजूची मापाच्या खुणांची नळी) भरा, टाकीकडचा व्हॉल्व्ह बंद करा, घड्याळ लावा. मिनिटात ७० मिलीच उतरले तर दोष बहुतेक वेळा डायफ्रामचा नसतो. एनआरव्ही (एकाच दिशेने जाऊ देणारे बॉलचे व्हॉल्व्ह) उघडून बघा: बॉलवर मिठासारखे खडे, सीटवर पांढरी कड, टाकीतल्या ओढनळीच्या टोकाच्या फूट व्हॉल्व्हच्या जाळीत गाळ. बॉल नीट बसत नाही, म्हणून पुढे ढकललेलं थोडं मागे येतं. अशा वेळी स्ट्रोक ८५ वर नेला, आणि पुढच्या शिफ्टने सीट धुतली, तर डोस एकदम वाढणार. कूलिंग टॉवरच्या पाण्यात क्लोरीन जास्त झालं की मग शोधत बसा.

एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली हायपोचा ड्रम तापतो, गॅस सुटतो, हेडमध्ये फुगा बसतो. स्ट्रोक तो गॅस दाबण्यातच खर्ची पडतो. इथे स्ट्रोक मोठा ठेवून स्पीड कमी करणं बरं, पण आधी गॅस काढा आणि ड्रम सावलीत न्या. हायपो आणि अ‍ॅसिडचे सुटे भाग एकाच बादलीत धुऊ नका. क्लोरीन वायू सुटतो.

तेल वरून ओतणं म्हणजे गळती झाकणं. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी किंवा केमिकल शिरलंय. पातळी आपोआप वाढली तरी तोच संशय घ्या.

रिलीफ व्हॉल्व्हचं अर्धसत्य आहे. हायड्रॉलिक पंपात (पडद्याला तेल ढकलतं) तो आत असतो, पण पुष्कळ मेकॅनिकल पंपांत नसतो. तिथे डिस्चार्जला (बाहेर जाणाऱ्या लाइनला), पहिल्या बंद करता येणाऱ्या व्हॉल्व्हच्या आधी, वेगळा लावावाच लागतो.

उघडण्याआधी वीज तोडा, दाब काढा, पाण्याने धुवा. एनआरव्ही उलटे बसवले तर पंप खडखडत राहतो, ओढत काहीच नाही. हेडचे समोरासमोरचे बोल्ट आलटून-पालटून कसा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा, कारण टेफ्लॉन दबत जातो. डायफ्राम बदलल्यावर पुन्हा कॅलिब्रेशन, मग नवीन आकडा लॉगशीटला.