डीएनएचं वितळणं आणि वाकणं: एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

सतत पुढे केला जाणारा दावा असा: ‘बफरमध्ये (डीएनए ठेवायच्या खारट द्रावणात) डीएमएसओ, फॉर्मामाइड किंवा इथेनॉल हे द्रावक घातले की डीएनएचं मेल्टिंग तापमान (ज्याला त्याचे दोन धागे सुटतात ते) उतरतं, म्हणजे तो तेवढाच लवचीक होतो. ग्लिसरॉलने उलट कडक होतो. द्रावकाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युतभारांमधली ओढ-ढकल तो किती क्षीण करतो त्याचं माप) पाहिला की सगळं कळतं.’ तिन्ही वाक्यं तपासून पाहू.

‘तापमान उतरलं म्हणजे लवचीकता वाढली’

पँटची चेन किती सहज उघडते यावरून बंद चेन किती वाकते ते ठरत नाही. मेल्टिंग तापमान दोन धागे सुटण्याबद्दल सांगतं. वाकण्याचं माप म्हणजे पर्सिस्टन्स लांबी (ती जितकी जास्त, तितका रेणू ताठ), आणि ती दुहेरी डीएनएसाठी नेहमीच्या मिठात सुमारे ५० नॅनोमीटर, म्हणजे साधारण १५० बेसजोड्या असते. दावा खोडायला साधं मीठ पुरेसं आहे. सोडियम दहापट वाढवलं की लांब डीएनएचं मेल्टिंग तापमान सुमारे १६ अंशांनी वर जातं. तरीही मिठाचं प्रमाण १ मिलिमोलरवरून १० मिलिमोलरवर जाताना पर्सिस्टन्स लांबी घटते. म्हणजे रेणू सुटायला अवघड होतो, पण वाकायला सोपा!

डीएमएसओने रेणू थोडा मऊ होतो, हे खरं. पण प्रमाण पाहा. २० टक्के डीएमएसओत मेल्टिंग तापमान दहा-बारा अंशांनी पडतं, आणि पर्सिस्टन्स लांबी जेमतेम ५० वरून ४५ च्या आसपास येते. २५ अंशांना तो डीएनए अजून पूर्ण दुहेरीच असतो.

‘डायइलेक्ट्रिक स्थिरांक पाहिला की पुरे’

पाण्याचा स्थिरांक सुमारे ७८, फॉर्मामाइडचा त्याहून जास्त, सुमारे १०९. तरी स्थिरांक उतरवणाऱ्या इथेनॉलसारखंच फॉर्मामाइडही डीएनए वितळवतं. शिवाय विद्युतभारामुळे (डीएनएवरचे भार एकमेकांना ढकलत असल्यामुळे) येणारा ताठरपणा मुळात किती असतो? हा ताठरपणा मोजणाऱ्या ओडिक-स्कोल्निक-फिक्समन सिद्धांतानुसार पर्सिस्टन्स लांबीतला त्याचा वाटा पाण्यात १ मिलिमोलर मिठाला सुमारे ३२ नॅनोमीटर, पण १५० मिलिमोलरला फक्त ०.२. तिथे स्थिरांक निम्मा झाला तरी या वाटेने हाती काही लागत नाही.

इथेनॉलमध्ये प्रश्न वेगळाच असतो. जास्त प्रमाणात रेणू स्वतःवरच गोळा होतो किंवा नेहमीचं बी-रूप सोडून आखूड, जाड अशा ए-रूपात जातो. बी-रूपात एका बेसजोडीमागे ०.३४ नॅनोमीटर, ए-रूपात सुमारे ०.२६. रेणू ताणून काढलेल्या बल-लांबी आलेखावर समीकरण बसवताना (म्हणजे फिटमध्ये) एकूण लांबी जुनीच धरून ठेवली, तर हे आखडणं ‘लवचीकता’ म्हणून निघतं. म्हणून एकूण लांबी फिटमध्ये मोकळी सोडा, आणि ताणतानाचा व सोडतानाचा आलेख एकावर एक ठेवून पाहा. दोन्ही जुळत नसतील, करवतीसारखे दाते दिसत असतील, तर तो गोळा झालेला रेणू आहे आणि त्यावर वर्म-लाइक चेन (डीएनएला सलग वाकणारी दोरी मानणारं गणिती मॉडेल) बसवू नये.

‘ग्लिसरॉल डीएनए कडक करतं’

हा गैरसमज बहुतेकदा कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे उपकरणाचं माप ठरवताना, जन्मतो. ग्लिसरॉलच्या दाटपणामुळे (व्हिस्कॉसिटीमुळे) रेणूच्या हालचाली मंदावतात. समतोलातली वाक मात्र दाटपणावर अवलंबून नसते, फक्त तिथे पोचायला वेळ जास्त लागतो. आता लेझर ट्रॅप घ्या, म्हणजे डीएनएला जोडलेला सूक्ष्म मणी प्रकाशाने पकडून रेणू ताणणारं उपकरण. ट्रॅपचा कडकपणा कॉर्नर फ्रीक्वेन्सीवरून (ज्या वारंवारतेपुढे मण्याची थरथर झपाट्याने घटते तिच्यावरून) काढतात आणि त्या गणितात द्रवाचा दाटपणा थेट गुणला जातो. २० अंशांना वजनाने २० टक्के ग्लिसरॉलच्या द्रावणाचा दाटपणा पाण्याच्या सुमारे १.७५ पट असतो. गणितात पाण्याचाच दाटपणा राहिला तर प्रत्येक बल १.७५ पट कमी वाचलं जातं. कमी बलाच्या भागात पर्सिस्टन्स लांबी बलाच्या व्यस्त प्रमाणात निघत असल्यामुळे ५० चे ८८ नॅनोमीटर दिसतात. डीएनए होता तसाच आहे! अपवर्तनांकही (द्रवात प्रकाश किती वळतो त्याचं माप) बदलतो, म्हणून पाण्यातलं कॅलिब्रेशन वापरूच नका. प्रत्येक मिश्रणात, त्याच मण्यावर, त्याच उंचीवर नव्याने करा.

मिश्रण बनवतानाही घोळ होतो. तयार बफरमध्ये २० टक्के आकारमानाने काही ओतलं की मीठही ८० टक्क्यांवर येतं. कमी मिठाच्या प्रयोगात एवढ्यानेच निकाल हलतो. दहापट तीव्र बफरपासून सुरुवात करा, शेवटी पाणी घालून आकारमान पूर्ण करा. डीएमएसओ आणि पाणी मिसळताना उष्णता सुटते. थंड झाल्यावरच आकारमान आणि पीएच तपासा. इथेनॉल असेल तर फ्लो सेल (नमुना ठेवायचा छोटा कक्ष) सील करा, नाहीतर मापन चालू असतानाच प्रमाण घसरतं.

आणि आधी काहीही न घालता, १५० मिलिमोलर सोडियम क्लोराइडमध्ये एक फेरी घ्या. बल ०.१ ते ५ पिकोन्यूटन ठेवा. पर्सिस्टन्स लांबी ४५ ते ५५ नॅनोमीटर येत नसेल, तर द्रावक बदलण्याआधी उपकरण दुरुस्त करा.